औटकीची वही

वही जुनीच आहे. पहिल्या आठ पानांवर दहावी 'ब'च्या चाचणीचे गुण, नवव्या पानापासून जर्मन.

*

कारण आधीच लिहून ठेवते, नाहीतर ज्याला त्याला वाटतं मुलगा तिकडे असणार. मुलगा बारामतीत आहे, आणि त्याला जर्मनीशी काही देणंघेणं नाही.

झालं असं, की माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, सुरवडीच्या एमआयडीसीत कंत्राटी. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, ती बातमी मोबाईलवर दाखवत म्हणाला, "बाई, धा हजार लोकं घेनार हायेत. भाषा तेवडी आली पायजे." मी म्हटलं, अरे, मी मराठीची बाई. तर म्हणतो, "व्याकरण तुमीच शिकवलंय की."

त्या दहा हजारांचं पुढे काय व्हायचं ते होवो. आमची वही तेव्हापासून सुरू आहे. वय वर्षे चौपन्न, हे ॲपने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

*

ॲप इंग्रजीतून शिकवतं. पडद्यावर इंग्रजी वाक्य येतं, त्याचं जर्मन करायचं. म्हणजे फलटणहून जर्मनीला निघालेल्या पोराने आधी इंग्रजीच्या टोलनाक्यावर थांबायचं, सुट्टे पैसे मोजायचे, मग पुढे. दहापैकी सहा चुका त्याच्या जर्मनच्या नसतात, इंग्रजीच्या असतात. एकदा वाक्यातली बहुतेक इंग्रजी अव्ययं त्याला माहीत नव्हती, म्हणून जर्मन येत असूनही जीव गेला. जीव म्हणजे ॲपमधला लाल बदाम. पाच मिळतात, चुकलं की एक जातो.

मी त्याला म्हटलं, तू इंग्रजीकडे बघूच नकोस. मनात मराठी कर आणि तिथून उडी मार. सुरुवातीला हे मी आपलं धीर द्यायला म्हटलं होतं.

*

पंचवीस. इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर. जर्मनमध्ये फ्युन्फ-उंट-च़्वान्च़िश, म्हणजे पाच-आणि-वीस. ॲपवर सूचना होती की जर्मन आकडे 'उलटे' असतात, नीट लक्ष द्या. उलटे कुणाच्या? आमचे पंच-वीस, सत्ता-वीस, अठ्ठा-वीस असेच तर आहेत. एकक आधी, दशक नंतर. माझ्या विद्यार्थ्याला हे सांगितल्यावर त्याने नव्व्याण्णवपर्यंतचे आकडे दोन संध्याकाळींत केले. आमच्या 'नव्व्याण्णव'पेक्षा त्यांचं नॉइन-उंट-नॉइन्च़िश सोपंच आहे. आमच्यात निदान ऐंशी ते नव्वदमध्ये निम्मा वर्ग बुडतो.

*

मला थंडी वाजते. इंग्रजीत 'मी थंड आहे' अशा थाटाचं काहीतरी. जर्मनमध्ये मिअर इस्ट काल्ट. मिअर म्हणजे मला.

हे मला आवडतं: एस गेफेल्ट मिअर. पुन्हा मला.

'मी' बाजूला, 'मला' पुढे. चतुर्थी म्हणून फळ्यावर वर्षानुवर्षं लिहीत आले, ती इतक्या लांब भेटेल असं वाटलं नव्हतं. ॲपमध्ये हा भाग 'अवघड' या खुणेखाली आहे.

*

इंग्रजीवाल्यांना झेड शिकवताना ॲप सांगतं, अमुक शब्दाच्या शेवटी 'ट' आणि 'स' जोडून येतात तसा उच्चार करा. आपल्याला एवढं करायला नको. चोर, चूल, चमचा, चाक यांतला च. चहातला नव्हे. बस्स, हाच जर्मन झेड. च़ान म्हणजे दात, च़ूग म्हणजे आगगाडी, च़िमर म्हणजे खोली. च आणि च़ लिहिण्यात आपण फरक करत नाही, त्यामुळे आपल्याकडे हे दोन आवाज आहेत हेच आपण विसरलेले असतो. दुसऱ्याच्या घरी आपला डबा दिसल्यावर ओळख पटावी तसं झालं.

ईकार-ऊकाराच्या मधला जो एक आवाज आहे, ओठ उ चे आणि जीभ ई ची, तो मात्र येत नाही. आरशासमोर करून पाहिला. ह्यांनी विचारलं, "दात दुखतोय का?"

*

लिंगं तीन. मार्क ट्वेनने १८८० साली जर्मन भाषेवर लेख लिहून थट्टा केली, की यांच्यात सलगमला लिंग आहे आणि तरुण मुलीला नाही. इंग्रजी माणसाला गंमत वाटणारच. आपल्याकडे मुळा तो, काकडी ती, गाजर ते, कुणी हसत नाही. आणि मुलगी नपुंसक? पोरगं, लेकरू, मूल म्हणतोच की. कोकणात चेडू म्हणजे मुलगीच, आणि ते चेडू.

अडचण वेगळी आहे. सूर्य त्यांच्याकडे ती. हे पाठच करावं लागतं.

*

तीन लिंगांवरून एक वाद. विद्यार्थी म्हणाला, "याला काय नियमच न्हाई बाई." मी म्हटलं, भाषेला नियम असतो. मग घरी येऊन विचार करत बसले.

सून, सुनेला, सुना. बहीण, बहिणीला, बहिणी. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही 'न-ण'ने संपणारे. मग एकीला ए आणि दुसरीला ई का? वाट, वाटेला. भिंत, भिंतीला. जीभ, जिभेला. विहीर, विहिरीला. अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवते, आणि एकाही मुलाने हे विचारलं नाही, कारण एकालाही याची अडचण आली नाही. ही अडचण बाहेरून येणाऱ्यालाच दिसते. आणि तो बाहेरून येणारा माणूस आमच्या गावात येऊन गेलेला आहे, हे मला त्या रात्री एकदम आठवलं.

*

मॅक्सीन बर्नसन. गावाच्या तोंडी मॅक्सीनमावशी. अमेरिकेतल्या, भाषाशास्त्राच्या. १९६१ साली पहिल्यांदा भारतात आल्या, मग साठच्या दशकातच फलटणला, अभ्यासासाठी. विषय काय, तर फलटणचं बोलणं. पुण्याचं नव्हे, पुस्तकातलं नव्हे. फलटणच्या पेठांतले लोक कसे बोलतात, कोण 'पाणी' म्हणतं, कोण 'पानी', आणि एकच माणूस घरी काय म्हणतो आणि कचेरीत काय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला १९७३ साली त्यांनी यावर प्रबंध दिला. १९७८ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. कमला निंबकर बालभवन ही त्यांची मराठी शाळा १९८६ साली सुरू झाली, ती पुढे अख्ख्या महाराष्ट्रात नावाजली.

त्यांनी आणि जाई निंबकरांनी मिळून परदेशी माणसाला मराठी शिकवायची पुस्तकं केली: १९७५ साली एक व्याकरण आणि एक छोटा मराठी-इंग्रजी शब्दकोश, शिवाय पुढे एक सबंध अभ्यासक्रम. अमेरिकेतून मराठी शिकायला येणाऱ्या कित्येक अभ्यासकांची सुरुवात या पुस्तकांवर झालेली आहे. म्हणजे शिकागोत किंवा फिलाडेल्फियात बसून कुणी 'सुनेला' आणि 'बहिणीला' घोकत असेल, तर त्याची तालीम फलटणमध्ये तयार झाली.

आम्हाला कॉलेजात यातलं कुणी सांगितलं नाही. फलटण म्हटलं की सईबाईंचं माहेर, राममंदिर, महानुभावांची दक्षिण काशी. तेही खरंच आहे. पण एका प्रौढ बाईने इथे येऊन आमची भाषा कानाने उचलली आणि आम्हालाच ती कशी चालते ते मांडून दाखवलं, हे माहेरपणाच्या यादीत बसत नाही.

*

जाई निंबकर म्हणजे इरावतीबाई कर्व्यांची लेक. इरावतीबाई १९२८ साली बर्लिनला गेल्या, तेविसाव्या वर्षी, आणि दोन वर्षांत जर्मनमध्ये प्रबंध लिहून परत आल्या. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, यावर. ॲप नव्हतं.

आईने जर्मन घेतलं, लेकीने मराठी दिलं. मधला धागा फलटणमधून गेला. याचं मी काय करणार आहे कुणास ठाऊक, पण लिहून ठेवावंसं वाटलं.

*

लाल शाई.

'मला लई आवडलं' याखाली मी किती वेळा रेघ मारली असेल. 'पानी'वर गोल, 'न्हाई'वर काट. मॅक्सीनमावशींना त्याच 'पानी'साठी अमेरिकेतून इथवर यावंसं वाटलं. मी ते दर शनिवारी फुकटात खोडत होते.

खोडू नये असं नाही म्हणत. परीक्षेत प्रमाण मराठी लिहायलाच हवी, नाहीतर पोराचे गुण जातात, आणि गुण गेले की पुढचं सगळंच. पण आता रेघ मारताना हात जरा थांबतो. ॲप मला दिवसातून वीस वेळा चूक म्हणतं, का चूक ते सांगत नाही. मीही समासात 'अशुद्ध' एवढंच लिहायचे.

*

विद्यार्थ्याला जिथे जायचंय त्या बाडेन-व्युर्टेमबर्गची गंमत. त्या राज्यानेच १९९९ सालापासून स्वतःची जाहिरात केली, की आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन तेवढी जमत नाही. स्टुटगार्टकडची बोली श्वाबिश. प्रत्येक नामाला 'ले' लावून लहान करतात, घरुलं, थोडुसं, तसं. ॲपमधल्या त्या गोड आवाजाच्या बाईसारखं तिथे कुणी बोलत नसणार.

मी हे काळजीने सांगितलं. तो हसला. "म्हंजे फलटणच की बाई."

*

समासाचा तास. ही वहीतली माझी सर्वांत आवडती दोन पानं.

हांडशू: हात आणि बूट. ग्लव्हजचा अर्थ इंग्रजी शब्दातून कळत नाही, पण आपला हातमोजा? हाताचा मोजा. त्यांनी बूट घातला, आपण मोजा.

क्रांकनहाउस: आजाऱ्यांचं घर. रुग्णालय. विग्रहसुद्धा तोच, रुग्णांचे आलय, षष्ठी तत्पुरुष.

फेर्नझेअर: दूर पाहणारं. टीव्हीला दूरदर्शन म्हणणाऱ्यांना हे शिकवायला नको.

ग्ल्यूबिर्ने: तापून उजळलेलं पेअर, म्हणजे बल्ब. इलेक्ट्रिशियनला हा शब्द इतका आवडला, की दुकानात जाऊन 'झिरोचं नाशपाती द्या' म्हणून आला. दुकानदाराने त्याला आत बोलावून पाणी पाजलं.

श्राउबनच़ीअर: स्क्रू ओढणारा. स्क्रू ड्रायव्हर. ड्रायव्हर हाकतो, च़ीअर ओढतो, आणि हिंदीतला पेचकस कसतो. एकाच हत्याराकडून तीन भाषांनी तीन कामं करून घेतली. यावर तो म्हणाला, "तिन्ही बरोबर हायेत बाई. लावताना कसायचा, काढताना ओढायचा." हाकायचं कधी, ते त्याने सांगितलं नाही.

*

नेम.

ॲपमध्ये सलग किती दिवस अभ्यास केला त्याचा आकडा वाढत जातो, त्याला स्ट्रीक म्हणतात. दिवस चुकला की शून्य. तरुण मुलं त्याच्यापायी रात्री बाराला पाच मिनिटं कमी असताना उठून बसतात. आमच्या सासूबाईंचा हरिपाठाचा नेम होता, त्यातही हेच होतं, फक्त तिथे शून्य कुणी दाखवत नसे.

माझे एकशे बारा दिवस झाले होते. मग माउलींची पालखी आली. तरडगावाहून फलटणला येते त्या दिवशी गावात कुणाचंच घड्याळ स्वतःचं नसतं. विमानतळाच्या माळावर तळ, आणि आमच्या ओसरीवर परभणीकडच्या सोळा बायका. पिठलं, भाकरी, पाय धुवायला पाणी, चार्जिंगला सात मोबाईल. रात्री साडेबाराला आठवलं. शून्य.

सकाळी ॲपमधल्या चित्राने डोळ्यांत पाणी आणलं होतं. मी ते बंद केलं आणि चहा टाकला. सोळा जणींपैकी एक म्हातारी, 'दरसाल येते, कितवं वरीस ते मोजत न्हाई' म्हणाली. तिला हा प्रश्न मी उगीच विचारला होता, आकड्याचा नाद लागल्यामुळे.

*

खोकं.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली पुस्तक लिहिलं: अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करायची आणि किती तासांनी किती विसरली ते मोजायचं. प्रयोग करणारा तोच, ज्याच्यावर करायचा तोही तोच. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर गळतं, मग हळूहळू. आणि मध्ये वेळ सोडून पुन्हा वाचलं तर जास्त टिकतं, हे त्याच्या कामातून पुढे आलं. १९७२ साली लाइटनर नावाच्या लेखकाने त्यावरून खोकं काढलं. पाच कप्पे. शब्द आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पाचवा क्वचित. शब्द पाठ करून घेणारी बहुतेक ॲप्स आतून या खोक्याचीच नातवंडं.

आपल्याकडे याला उजळणी म्हणतात. शब्द बघा, उजळणी. घासून पुन्हा चकाकी आणायची. रीव्हिजनमध्ये ती चकाकी नाही.

मी मिठाईच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे केले. चिठ्ठीवर एका बाजूला जर्मन, मागे मराठी, इंग्रजी कुठेच नाही. विद्यार्थ्यालाही एक करून दिलं. त्याच्या खोक्याला एमसीबीच्या जुन्या डब्याचं झाकण आहे आणि कप्प्यांना वायरचे रंग: लाल, पिवळा, निळा, काळा, हिरवा. हिरवा शेवटचा. "अर्थिंग झालं की शब्द पक्का," असं त्याचं म्हणणं.

*

ऑनलाईन बोलण्याच्या सरावाचा एक तास त्याने पैसे भरून घेतला होता. कुठला क्लास ते लिहीत नाही. शिकवणाऱ्याने निरोप ठेवला: हाल्ब फिअर. हाल्ब म्हणजे अर्धा, फिअर म्हणजे चार. इंग्रजीच्या वाटेने गेला तर साडेचार होतात, इंग्लंडात असंच म्हणतात. हा साडेचारला मोबाईल घेऊन बसला. तास संपून गेला होता. पैसे परत नाहीत.

जर्मनमध्ये हाल्ब फिअर म्हणजे साडेतीन.

तो चिडला होता. "चार म्हणायचं आन् साडेतीन धरायचं, ही कुठली पद्धत?" मीही आधी त्याच्या बाजूने. मग जेवताना हातातला घास थांबला.

औट.

औटकीचा पाढा माझ्या वडिलांना येत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. औटघटकेचं राज्य म्हणतो ते साडेतीन घटकांचं. आणि औट आलं कुठून, तर संस्कृत अर्धचतुर्थ. अर्धा चौथा. तीन पुरे झाले, चौथा अर्धाच. हाल्ब फिअर!

मग ताट सरकवून उष्ट्या हातानेच वही ओढली. अडीच: अर्धतृतीय, अर्धा तिसरा. जर्मन घड्याळात अडीच वाजले की हाल्ब द्राय, अर्धे तीन. दीडचं मूळ 'दुसरा अर्धा', आणि जर्मनमध्ये दीडला शब्द आहे आंडरथाल्ब, जुन्या अर्थाने 'दुसरा अर्धा'. एकाला एक. स्टुटगार्टकडे तर पावणेतीनलाही 'तीन-चतुर्थांश तीन' म्हणतात. आपल्यासारखंच, दोन वाजून गेले तरी नाव येणाऱ्या तीनचं.

हे 'उलटं' नव्हतंच. आपण औट विसरलो, म्हणून उलटं वाटलं.

वहीच्या त्या पानावर आमटीचा डाग आहे.

*

दुसऱ्या दिवशी त्याला औटकी म्हणून दाखवली. एक औट औट, बे औट सात, त्रिक औट साडेदहा. पुढे मला येत नाही, वडिलांबरोबर गेली. त्याने कॅल्क्युलेटरवर पुढची केली आणि चिठ्ठीवर लिहिली. पहिला कप्पा, लाल.

*

बोलण्याची परीक्षा पुण्यात आहे, सकाळी नऊला. काल रात्री त्याचा निरोप आला, मराठीत, रोमन लिपी न वापरता, हे विशेष: "बाई उद्या औटची गाडी धरतो. झोपा तुमी."

मी गजर साडेतीनचाच लावला.